ज्याचे काटे खरे

"सर, तुमच्या बाजूच्या वेगाच्या काट्याचं काहीतरी बिनसलंय," सहवैमानिक पोर म्हणाली तेव्हा मुख्य वैमानिक गुरुजींचं लक्ष त्या काट्याकडेच होतं. काटा भराभर खाली येत होता.

विमान ढगातून उतरत होतं आणि धावपट्टीचा पत्ता नव्हता. वेग असाच पडत गेला तर विमान हवेत तरायचं नाही, म्हणून गुरुजींनी इंजिनांचे दांडे पुढे रेटले. तेवढ्यात ऑटोपायलटनं अंग काढून घेतलं, भोंगा बोंबलू लागला आणि सगळं विमान त्यांच्या हातात आलं. काटा मात्र पडतच होता.

"माझा काटा चढतोय, सर. आपण फार जोरात चाललोय."

एकाच विमानाचे दोन वेग! असल्या भांडणात साक्षीला म्हणून मधोमध तिसरं, छोटं यंत्र असतं. गुरुजींनी तिकडे पाहिलं, तर साक्षीदार पोरीच्या बाजूनं बोलत होता. म्हणजे वेग मोजणारी बाहेरची नळी त्यांच्या बाजूला तुंबली होती आणि ते खोट्या काट्याच्या नादी लागून धावतं विमान आणखी पळवत होते. अशा वेगानं धावपट्टी गाठून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी उतरणं सोडलं आणि विमान पुन्हा वर घेतलं.

ढगांच्या वर लख्ख ऊन होतं. भोंगा गप्प झाला आणि दोघांनी श्वास सोडला. पोरीनं खाली कंट्रोल टॉवरला कळवलं, प्रवाशांना दोन धीराचे शब्द सांगितले. मग ती गुरुजींकडे वळली आणि जरा घुटमळली.

कारण आज गुरुजींची शेवटची फेरी होती. उद्यापासून वयाच्या नियमानं ते घरी बसणार होते. आणि मागे पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. गुरुजी गाडी कशी हाकतात हे रोज पाहत असल्यानं त्यांच्या विमानात बसायचं तिनं जन्मभर टाळलं होतं. आज मात्र आपणहून आली होती. तिला एकदा विमान उतरवून दाखवायचं, एवढीच गुरुजींची हौस उरली होती.

"सर, मी वेग वाचत जाते, तुम्ही उतरवा," पोर म्हणाली. "जमेल आपल्याला."

जमलंही असतं. गुरुजींचा हात दांड्यावरून निघेना. पण ज्याचे काटे खरे, त्याच्या हातात विमान, हे त्यांनीच पोरांच्या कितीतरी तुकड्यांना घोकवलं होतं. गुरुजी हे टोपणनावही त्या घोकंपट्टीनंच चिकटलेलं. मागे एवढी माणसं बसली असताना स्वतःच्या हौसेपायी ते मोडायचं? त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच ते बोलले.

"कंट्रोल तुझ्याकडे."

"सर..."

"तुझ्याकडे म्हटलं ना. मी वाचतो."

मग ते वाचू लागले. तिच्या काट्यावरचा वेग, उंची, पुन्हा वेग. ढग आले, विमान थरथरलं, पोरीच्या कपाळावर घाम फुटला, पण हात हलला नाही. ढग फाटले आणि धावपट्टी नाकासमोर आली. गुरुजींचा आवाज नकळत चढला. छान, अशीच ये, ते म्हणत होते, आणि चाकं टेकली तेव्हा त्यांना हसू आवरेना. पोरीच्या पाठीवर त्यांनी अशी थाप दिली की ती कळवळली.

प्रवासी उतरून गेल्यावर बायको कॉकपिटच्या दाराशी आली. जीव टांगणीला लागला होता तिचा, पण चेहरा नुसता फुलला होता.

"अहो, इतकं अलगद उतरवता तुम्ही? मी उगाच घाबरत राहिले इतकी वर्षं."

पोरीनं चटकन मान खाली घातली. ती खरं काय ते सांगणार नाही, हे गुरुजींना कळलं.

"मी नाही, हिनं उतरवलं," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय करत होतात?"

"मी वेग वाचत होतो."

बायकोनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाकून त्यांची बॅग उचलली आणि त्यांना आधी उतरू दिलं.