डाव्या खिडकीतला हात

विष्णूजी चांदूरकरांनी घरात आजवर कशालाही 'ओके' म्हटलं नव्हतं. फॅक्टरीत म्हटलं होतं, पण तिथंही हात आखडूनच. डिफेन्सच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. समोर आलेला पार्ट उलटा करायचा, सुलटा करायचा, गेज लावायचा आणि जमलं तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. असा माणूस रिटायर होऊन चोवीस तास घरी बसला की बायकोचं काय होते, ते हेमलताबाईंना विचारा. त्यांच्या हातचा गोळाभात खाऊन पाहुणे बोटं चाटत. विष्णूजी दोनदा वाढून घेत, ढेकर देत आणि म्हणत, "चालून जाईल."

हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा. ह्याच्यावर मजला नाही.

गाडी मात्र हेमलताबाई चालवत. पन्नाशी उलटल्यावर त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या आणि झकास शिकल्या. विष्णूजी शिकले नाहीत, कारण शिकायचं म्हणजे दुसऱ्याचं ऐकावं लागते. ते आपले डाव्या सीटवर बसत. गाडी होती बेस मॉडेल. उजवीकडे एक आरसा, डावीकडे तोही नाही. डाव्या बाजूला पुढच्या चाकावर जो छोटा इंडिकेटर होता, तो कमानिया गेटच्या गर्दीत एका ई-रिक्षानं घासून नेला होता. तेव्हापासून डावीकडचा आरसा विष्णूजी आणि इंडिकेटरही विष्णूजीच. काच पार खाली, थंडी असो की धूळ, आणि पूर्ण बाहीचा हात बाहेर.

"थांब, स्कूटी येऊन राहिली! हं, आता घे. घे, घे, घे... बस्स! अवं बस म्हटलं ना!"

मागच्या गाड्यांना वाटायचं, आत भांडण चाललं आहे. भांडण नव्हतं, ड्यूटी चालली होती. रिटायर झाल्यावर विष्णूजींकडे तपासायला कुणी काही पाठवत नव्हतं. आपण नसतो तर ही बाई गाडीसकट नर्मदेत गेली असती, ह्या एका खात्रीवर त्यांचा दिवस उगवायचा.

हेमलताबाईंची धाकटी बहीण विनता शहपुऱ्याला असते. शेती आहे, मटार लावतात. सीझन आला की दोघी बहिणी अंगणात ढीग घालून शेंगा सोलायला बसत. आता बहिणी-बहिणींना बोलायचं असते ते बहुतेक नवऱ्यांबद्दल. आणि नवराच समोर खुर्ची टाकून घड्याळ पाहत बसला तर त्या बोलणार काय, कपाळ? जरा रंगात आलं की विष्णूजींचं सुरू, "चलो हेमा, अंधार पडल. अंधारात हात दिसत नाही."

यंदा हेमलताबाईंनी जाहीर केलं, "ह्या बुधवारी मी शहपुऱ्याला एकटी जाईन. सकाळी जाईन, मनसोक्त बसेन, उजेडी परत येईन."

"एकटी?" विष्णूजींच्या हातातला कप बशीवर आदळला. "अन् डावीकडून कोणी घुसलं तर? वळताना हात कोण दाखवणार?"

विचारायला नको होतं. विचारलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. हेमलताबाई दुसऱ्या दिवशी बाजारात ॲक्सेसरीच्या दुकानात उभ्या होत्या. दुकानदारानं इंडिकेटरवाल्या आरशांची जोडी काढून दाखवली, वर लाघवी हसून म्हणाला, "आंटीजी, गाड़ी छोड़ जाइए. अंकलजी को भेज दीजिएगा, फिटिंग का उनको समझा देंगे."

अंकलजींना! ज्यांनी स्टेअरिंगला कधी हात लावला नाही, त्यांना! हेमलताबाईंनी खोका उचलला, तारा, चिकटपट्टी आणि तारेत करंट आहे की नाही ते दाखवणारा एक टेस्ट लॅम्प घेतला, आणि तडक रांझीला घरी आल्या. रात्रभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. रविवारी सकाळी साडीवर विष्णूजींचा जुना शर्ट चढवून त्या अंगणात उतरल्या.

विष्णूजींनी उन्हात खुर्ची मांडली. चष्मा पुसला. जावयाची पंगत मांडावी तशी सगळी तयारी.

"आधी बॅटरी काढ."

"काढली."

"मी सांगायच्या आधीच काहून काढली?"

काच वरखाली करायचं हँडल काढायला हेमलताबाईंनी एक चिंधी घेतली, हँडलच्या मागे सरकवली आणि ताक घुसळावं तशी दोन्ही टोकं ओढू लागल्या. आतली क्लिप टण्णकन उडाली आणि तुळशीच्या कुंडीत जाऊन पडली.

"हे बनियन माझं आहे," विष्णूजी म्हणाले.

"होतं."

उजव्या दाराचं आतलं अस्तर टकटक करत निघालं. आत एवढा पोकळ पसारा असेल असं विष्णूजींना वाटलं नव्हतं. बसल्या जागी मान लांब करून त्यांनी बघून घेतलं. हेमलताबाईंनी खिडकीच्या कोपऱ्यातला जुना आरसा काढला. खाली स्क्रूची भोकं तयारच होती, त्यावर नवा आरसा बसवला, त्याची तार दाराच्या पोटात सोडली, दार आणि गाडीमधल्या रबराच्या नळीतून आत ओढली. मग बॅटरी घटकाभर जोडून, टेस्ट लॅम्प लावून इंडिकेटरची तार शोधली. उजवी बाजू जेवणाआधी झाली.

शेजारचा आल्हाद स्कूटर काढता काढता थांबला. बँकेत असतो, चौकशीची भारी हौस. "काका, काय करून राहिले?"

"मी काही नाही करून राहिलो," विष्णूजी म्हणाले. "मी पाहून राहिलो."

"मग चाची काय करून राहिल्या?"

"माझी बदली," विष्णूजी म्हणाले. आल्हाद हसला. विष्णूजी हसले नाहीत.

दुपारी डावी बाजू निघाली. हेमलताबाई आता दमल्या होत्या. कंबर धरली होती, नखात ग्रीस गेलं होतं. त्यांनी तार सोडली, ओढली, जोडली, चिकटपट्टी गुंडाळली आणि अस्तर उचललं. नेमकं तेव्हा विष्णूजींना दिसलं. तार आत बांधलेली नव्हती. ती सैल लोंबत होती, आणि लोंबत होती ती अगदी काचेच्या वाटेत. काच खाली आली की तारेवर बसणार. दोन-चार वेळा बसली की तार सोलणार, फ्यूज उडणार आणि मागचे इंडिकेटरही गेले कामातून.

त्यांचं तोंड उघडलं. रिजेक्ट हा शब्द ओठांवर आलाही. आणि मग, नवल म्हणा काय म्हणा, ते तोंड बंद झालं.

कारण डावी काच खाली करतो कोण? फक्त विष्णूजी. म्हणजे त्यांना काहीच वाईट करावं लागणार नव्हतं. रोजच्यासारखं बसायचं, रोजच्यासारखी काच खाली करायची. इंडिकेटर मरेल. हेमा म्हणेल, बाजारातला माल असाच. मग हात पुन्हा बाहेर, शहपुऱ्याला दोघं, आणि अंगणात खुर्ची. हेमलताबाईंनी अस्तर ठोकून बसवलं. विष्णूजी म्हणाले, "चहा टाकू का?"

नवऱ्यानं आपणहून चहा टाकला, तिथंच हेमलताबाईंनी ओळखायला हवं होतं. पण त्या खुशीत होत्या. बॅटरी जोडली, इंडिकेटरची दांडी खाली केली, वर केली आणि पाळीपाळीनं दोन्हीकडे नारिंगी दिवे टिकटिकले. टाळ्या वाजवल्या त्यांनी, एकट्यांनीच. "बसा! चौकापर्यंत चक्कर मारून येऊ."

विष्णूजी डाव्या सीटवर बसले. खिडकीबाहेर नवा कोरा आरसा. त्यात मागचा रस्ता, म्हशी, एक सायकलवाला, सगळं ह्यांना न विचारता दिसत होतं. विष्णूजींनी हँडलवर हात ठेवला.

चौकाच्या अलीकडे हेमलताबाईंनी डावा इंडिकेटर दिला. विष्णूजींनी हँडल अर्धा फेरा फिरवलं. काच बोटभर उतरली. आता आणखी एवढंसंच फिरवायचं होतं, की काच तारेवर बसलीच.

तेवढ्यात त्या आरशात मागून एक छोटा ट्रक आला. शेंगांची पोती भरलेला, शहपुऱ्याकडून येतात तसा. ट्रक इंडिकेटरचा लाइट पाहून थांबला. शहाण्यासारखा थांबला. आणि विष्णूजींचा हात हँडलवरच थांबला. आज आपण बसलो आहोत. पण ही बाई ऐकणारी थोडीच आहे? आज ना उद्या एकटी जाईल. विनताला घेऊन निघेल, विनता हौसेनं काच खाली करेल. तार मेलेली, हातही नाही, आणि मागून असाच ट्रक.

"रिजेक्ट!" विष्णूजी एवढ्या जोरात ओरडले, की हेमलताबाईंनी करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून त्यांचा उद्धार केला.

"काय झालं?"

"काच खाली नाही करायची! डाव्या दारात तार सैल आहे, काचेखाली येऊन राहिली. घरी चल. खोलून बांधावी लागेल."

हेमलताबाईंनी गाडी कडेला घेतली. आधी बोटभर उघड्या काचेकडे पाहिलं, मग हँडलवरच्या हाताकडे, मग नवऱ्याकडे. "तुम्हाला दिसलं केव्हा?"

"दिसलं."

"केव्हा, असं विचारून राहिले मी."

"अस्तर लावायच्या आधी."

"अन् तुम्ही बोलले नाही? तुम्ही?" त्यांचा विश्वासच बसेना. "मिठात खडा निघाला तर तुम्ही अख्खी गल्ली गोळा करता! आज अंगणात नखं तोडून घेतली मी, अन् तुम्ही चहा टाकून राहिले? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तर ओरडलो." विष्णूजी समोरच्या काचेकडे पाहत राहिले. आवाज एकदम खाली आला. "हेमा, तू अशी एकटी जायला लागलीस, तर मी काय करू गं? इथं बसायला तरी जागा होती मला."

हेमलताबाईंना राग आला होता तो खराच. पण तो पुढं चालेना. त्यांनी पदरानं नाक पुसलं, ग्रीस नाकाला लागलं. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही."

"तसं नाही गं. तू चांगली चालवतेस. म्हणजे... चालून जाईल अशी."

"मोठे आले!" त्या हसल्याच. "मी तिकडं कायमची चालली का? संध्याकाळी येऊन जाईन. मटाराचं पोतं आणते. सोलत बसा, एकेक दाणा तपासा. किडका रिजेक्ट, चांगला ओके. करा काय इन्स्पेक्शन करायचं ते!"

घरी येऊन त्यांनी पुन्हा तेच बनियन घेतलं, पुन्हा क्लिप उडवली. ह्या वेळी विष्णूजी खुर्चीत बसले नाहीत. टॉर्च धरून उभे राहिले. हेमलताबाईंनी तार काचेपासून लांब ओढली, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी दाराच्या कडेला जखडली, दोनदा काच वरखाली करून दाखवली. मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आता सांगा. कशी झाली फिटिंग?"

विष्णूजींनी वाकून पाहिलं. तारेला बोट लावून पाहिलं. कुठंच काही सापडेना, त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसला.

"चालून जाईल," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी हेमलताबाई नवी साडी नेसून निघाल्या. विष्णूजी फाटकाशी उभे होते. पाणी घेतलं का, लायसन घेतलं का, मोबाइल चार्ज आहे का, सगळं विचारून झालं. विचारायचं संपलं तेव्हा गाडी हलली. डावी सीट रिकामी होती. गल्ली सरळ जाते आणि कोपऱ्यावर डावीकडे वळते. कोपरा जवळ आला तशी डाव्या आरशातली बत्ती टिकटिकली. गाडी सावकाश, नीट, कुणालाही न घासता वळली आणि दिसेनाशी झाली.

मागे ब्रेकचा कर्कश आवाज झाला. आल्हाद स्कूटर तिरपी करून उभा होता.

"काका, हात कुठं दाखवून राहिले? तुम्ही वळून राहिले का?"

विष्णूजींनी पाहिलं. त्यांचा डावा हात खांद्यापासून सरळ, ताठ, गल्लीत बाहेर काढलेला होता. तो केव्हा वर गेला, त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी तो घाईनं खाली घेतला, खांदा चोळायला लागले आणि आल्हादला म्हणाले, "अकडला आहे. जा तू बँकेत."

मग त्यांनी अंगण झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं. तुळशीला पाणी घातलं, मोबाइल घेऊन बसले, ठेवला, पुन्हा घेतला. घर इतकं गप्प होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अखेर फोन वाजला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"पोचले जी. कुठंही घासली नाही. विनता चहा टाकून राहिली."

"बरं. बरं झालं."

"अन् ऐका." हेमलताबाईंचा आवाज हसत होता, पण त्या हसण्याखाली दुसरंही काही होतं. "तो हात आता आत घ्या. पार कोपऱ्यापर्यंत दिसून राहिला होता मला, डाव्या आरशात. म्हटलं, मी वळल्याशिवाय हे काही खाली घेणार नाहीत."

विष्णूजींनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"ऐकून राहिले ना? नीट लागला की नाही आरसा? सांगा तर खरं."

पलीकडे विनता खिदळत होती. विष्णूजींनी एकदा खाकरून घेतलं.

"ओके आहे," ते म्हणाले.