लोण्याचा अर्क

आमच्या घराण्याची टॉफी इंग्लंडातल्या लँकशरच्या बाजारात तीन पिढ्या विकली गेली. माझी मुलगी लोरेन गोळ्या-टॉफीचा गाळा मोडून वाफेच्या सिगरेटी विकायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, विक बाई, पण चव आपलीच असू दे. सिगरेटीत भरायच्या त्या रसात लोण्याच्या अर्काचे थेंब मीच घातले. पन्नास वर्षं टॉफीत तोच अर्क घालत आले होते. खाऊन कुणी मेलं नाही, मग ओढून काय होणार? शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण टॉफीतलं मला शिकवणारा अजून जन्मायचा होता.

पहिलं गिऱ्हाईक माझा धाकटा भाऊ क्लिफर्ड. दिवसाला चाळीस सिगरेटी फुंकणारा गडी, माझ्या टॉफीच्या वाफेवर दोन वर्षं खऱ्या सिगरेटीला शिवला नव्हता. हे मी बाजारभर सांगत फिरायचे.

मग नवा कायदा आला. रसाची वाफ तपासून घ्यायची आणि तिच्यात काय निघालं ते लिहून द्यायचं. प्रयोगशाळेचा कागद लोरेननं वाचून दाखवला. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटीन, हे आमचंच घातलेलं. सिगरेटीतली तार तापून निघालेलं फॉर्मालडिहाइड जरासं. आणि शेवटी डायअसिटिल, भरपूर. लोण्याला लोण्याचा वास येतो तो त्याचाच. पोटात गेलं तर काही नाही, पण छातीत उतरलं की बारीक नळ्या नासवतं. पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या माणसांचे हाल त्यानंच झाले, असं प्रयोगशाळेतल्या बाईनं तिला फोनवर सांगितलं.

लोरेन म्हणाली की कायदा लागू व्हायला तीन महिने आहेत, तोवर आहे तो माल विकून टाकू. मी बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या, विषारी कचरा नेणाऱ्यांना द्यायला.

"आई, निम्मा गाळा रिकामा होईल."

"होऊ दे. तुझ्या मामाच्या छातीत माझ्या हातचं गेलंय. आता एक थेंब जायचा नाही."

क्लिफर्डला मी स्वतः सांगितलं. तो हसला. चाळीस वर्षं सिगरेटीचं डांबर ओढलं, लोण्याला काय घाबरायचं, म्हणाला. आणि टॉफी बंद केलीस तर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणणार, हेही सांगून मोकळा झाला. तो नुसती धमकी देत नव्हता, मी ओळखते त्याला. मी त्याच्याकडे महिनाभर मागून घेतला.

लोण्यावाचून टॉफी जमेना. व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास, कणभर मीठही घालून पाहिलं. प्रत्येक मिश्रण चार-चार दिवस मुरू द्यावं लागे, म्हणून सगळी एकदम लावली. माझ्या स्वयंपाकघरात बसून क्लिफर्ड एकेक ओढून बघायचा. एकाला म्हणाला पुठ्ठा, दुसऱ्याला म्हणाला भिजलेलं कुत्रं. तोंड वाकडं करायला त्याला कोण मजा येत होती, पण कोटाच्या खिशात सिगरेटींचं कोरं पाकीट होतं, ते मी पाहिलं.

मग मी टॉफीचा नादच सोडला. आमच्याकडे नोव्हेंबरात शेकोटीच्या दिवशी आलं आणि काळी काकवी घालून ओटचा केक करतात, पार्किन. ती चव लावली. क्लिफर्डनं ओढली, सोडली, पुन्हा ओढली. वाकडं तोंड झालं नाही.

"ही टॉफी नाही, आयडा," तो म्हणाला.

"नाहीच. टॉफी संपली."

"मग भर हीच."

"आत्ता नाही. आधी प्रयोगशाळेचा कागद येऊ दे. तोवर हा बिनचवीचा रस ओढ."

"याला तर पाण्याची चव आहे."

"मग पाणी समजून ओढ."

कागद यायला बारा दिवस लागले. रोज सकाळी त्याच्या दारात जाऊन मी त्याच्या कोटाचा वास घेतला. शेजारीण बघत होती, बघू दे. पाकीट काही फुटलं नाही.

कागद आला तेव्हा लोरेनला म्हटलं, बाकीचं राहू दे, तेवढं एक नाव शोध. तिनं दोनदा बोट फिरवलं. नव्हतं.




मी कोट चढवला आणि बाटली घेऊन क्लिफर्डकडे निघाले.