मेव्हण्याच्या हातचा दोर

"दोराचा शेवट धावड्याच्या झाडाला बांधून घ्या, दाजी. एक गाठ मारायला किती येळ लागतोय?"

बलभीमनं हे तिसऱ्यांदा सांगितलं. उत्तरेश्वर कड्याच्या काठावर बसून कमरेला दोर आवळत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

"तुमी पंचवीस वर्सं दोर धरला, पाव्हणं. तवा कधी बांधला व्हता का?"

"माजी गोष्ट येगळी."

"कशी येगळी? तुमी मेव्हणं, गजराचा भाऊ म्हून सटवा बी मेव्हणा. त्येच्या देखत दोर झाडाला बांधला तर त्येला काय वाटंल? आन् गजराच्या कानावर गेलं तर तिला काय वाटंल?"

बलभीम निखाऱ्यांवर फुंकर घालायला वळला.

येडशीच्या रानात, रामलिंगाच्या दरीवर आग्या मोहोळं काढणाऱ्यांच्या या चार-दोन घरांत तो कायदाच होता. रान निजाम सरकारचं, ठेका सरकारचा, वरून जंगलाच्या नाकेदाराला मधाचा डबा द्यावा लागे तो वेगळाच. पण हा कायदा त्यांचा स्वतःचा. कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेव्हण्यानंच धरायचा. सख्ख्या भावानं नाही. भावाच्या मनात जमिनीचा वाटा कधी येईल सांगता येत नाही. बायकोचा भाऊ मात्र स्वतःच्या बहिणीचं कुंकू कशाला पुसेल? म्हणून धावड्याच्या बुंध्याला दोराचा एक वेढा द्यायचा आणि पुढचा सगळा भार मेव्हण्याच्या तळहातांवर. शेवट झाडाला बांधणं म्हणजे मेव्हण्यावर भरवसा नाही, असं चारचौघांत सांगणं.

बलभीमला खरं तर कड्याचं भ्या वाटायचं. पंचवीस वर्षांत त्यानं एकदाही काठावरून खाली वाकून बघितलं नव्हतं. त्याला गरजही नव्हती. खाली लोंबकळणारा माणूस त्याला दोरातून कळायचा. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ओढ. पण एवढंच नाही. उत्तरेश्वर उपाशी आहे का, घाई करतोय का, घाबरलाय का, सगळं अंबाडीच्या त्या दोरातून वर यायचं. धुरपदा, म्हणजे बलभीमची बहीण आणि उत्तरेश्वरची बायको, गेल्या साली तापानं गेली. तेराव्यानंतर दोघं एकदा कड्यावर आले, तेव्हा दोर नुसताच थरथरत राहिला होता. हिसका नाही, हाक नाही. खाली अधांतरी लटकून माणूस रडत होता. बलभीमनं श्वास धरला आणि तो थांबेपर्यंत दोर जागचा हलू दिला नाही.

मध काढला त्या दिवशी सांजच्याला धुरपदा तेलाची वाटी घेऊन भावाच्या घरी यायची. "दाव हात," म्हणायची. बलभीमची बायको लवकर गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. धुरपदा त्याच्या तळहातावर तेल चोळायची आणि चोळता चोळता भावाला शिव्या घालायची, की एवढे हात सोलून घेतोस, फडकं का गुंडाळत नाहीस? फडकं गुंडाळलं की दोर बोलत नाही, हे तिला सांगून कळलं नसतं.

ती गेली आणि दोरही गेला. सहा महिन्यांनी उत्तरेश्वरनं कळंबकडची गजराबाई केली. तिला आई ना बाप, एक सटवा नावाचा भाऊ तेवढा. उत्तरेश्वर एक दिवस येऊन ओट्यावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "पाव्हणं, दोर आता सटवाकडं द्यावा लागंल." बलभीमनं आढ्याचा दोर काढून दिला. बहीण गेल्यावर रडला नव्हता, इतका त्या दिवशी रडला.

तरी आज तो आला होता. सटवाची पहिलीच खेप, म्हणून उत्तरेश्वरनंच त्याला धुरी धरायला बोलावलं होतं. दोराला मात्र हात लावायचा नव्हता. दोराला तिऱ्हाइताचा हात लागला तर अपशकुन. बलभीम आता तिऱ्हाईत होता.

दिस उगवायच्या टायमाला उत्तरेश्वर खाली उतरला. गारठ्यात माश्या जड असतात. सटवा तिशीचा, नांगर धरून धरून दंड टणक झालेले. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोला. दोर नीट सोडत होता. बलभीम ओला पाला निखाऱ्यावर टाकून धूर काठाकडं लोटत होता.

तेवढ्यात वारं फिरलं. धूर उलटा त्यांच्याच तोंडावर आला आणि खालून माश्यांचा घोंघाट उठला.

"हलू नगंस, सटवा!" बलभीम ओरडला. "चावू दे! डोळं मीट आन् धरून ऱ्हा!"

दहा-पंधरा माश्या सटवाच्या तोंडावर बसल्या. तो किंचाळला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून पळाला.

दोर बुंध्याभोवती सरसरत सुटला. बलभीम दोन पावलांवर होता. आणि तो थांबला. आपला हात लागायचा नाही, एवढंच मनात आलं. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ, पण तो थांबला. मग त्यानं झेप घेतली. दोर तळहातातून कातडं घेऊन धावत होता. त्यानं मुठी आवळल्या, पाय धावड्याला लावले. एकदा दोर थांबल्यासारखा वाटला. खालून दोन हिसके आले. थांब. उत्तरेश्वरला वाटलं असेल, मेव्हण्यानं धरलंय. मग रक्तानं बुळबुळीत झालेला शेवट बोटांतून निसटला आणि काठावरून दिसेनासा झाला.

बलभीमनं त्या दिवशी पहिल्यांदा खाली वाकून बघितलं.

खालच्या गुराख्यांनी बोंब मारली. गावात निरोप गेला. सटवा करवंदीच्या जाळीआड सापडला. तोंड सुजलेलं, डोळे मिटत आलेले. "दोर सटकला," तो म्हणत होता. "सटकला दोर."

"हात बघू."

सटवानं हात मागं घेतले. बलभीमनं आपल्या मनगटांनी त्याचे हात पुढं ओढले. नांगराचे घट्टे होते. दुसरा एक ओरखडासुद्धा नव्हता.

"म्या पळालो, दादा," सटवा हुंदके द्यायला लागला. "कवा सुटला त्येच कळलं न्हाय. गजराला काय सांगू म्या? ती हात बघंल माजं."

त्या घटकेला त्याला उचलून दरीत फेकावंसं वाटलं बलभीमला. पण पायवाटेवरून गजराबाई धावत येताना दिसली. पदर भुईवर लोळत होता, बायका मागून हाका मारत होत्या. या बाईला आता जन्म काढायचा होता तो याच भावाच्या दारात. याच्या हातचं खायचं, याच्याच सावलीत बसायचं. आणि थांबलो तर आपणही होतो.

बलभीमनं डोक्याचा पटका उतरवला. बोटं मिटत नव्हती, म्हणून दातांनी टरकावला. दोन्ही चिंध्या सटवाच्या तळहातांवर गुंडाळल्या. गुंडाळताना त्याच्या स्वतःच्या हातांचं रक्त पांढऱ्या कापडात उतरत गेलं.

"पंधरा दिस सोडू नगंस. तिला म्हणावं, तेल लावायचं न्हाय."

"दादा..."

"आन् तिला कधी अंतर देऊ नगंस. येवढं केलंस तरी लई झालं."

त्यानं घोंगडी अंगावर ओढली आणि हात आत घेतले. गजराबाई आली. भावाचे रक्ताळलेले हात बघून तिनं हंबरडा फोडला आणि ते कपाळाला लावले.

"लई धरलं वं माज्या भावानं! हाताची चाळण झाली, तरी लई धरलं!"

बायकाही रडायला लागल्या. बलभीम बाजूला झाला आणि घरची वाट चालू लागला.

सांजच्याला त्यानं कोनाड्यातली तेलाची वाटी काढायला हात घातला. धुरपदा गेल्यापासून ती तिथंच होती. बोटांत ती धरता येईना. दोन्ही मनगटांत धरून त्यानं ती जपून खाली ठेवली, आणि तिच्यापुढं दोन्ही हात पसरून बसून राहिला.