आठची रिंग

पोपटरावांच्या घरात टूथपेस्टची नळी कधी संपायची नाही. संपली, असं पार्वतीबाई जाहीर करायच्या तेव्हा पोपटराव ती पाटावर ठेवून लाटण्यानं दाबायचे. लाटणं हरलं की कात्रीनं उभी चिरायचे, आणि पुढचे चार दिवस घर त्या चिरलेल्या नळीत बोटं घालून दात घासायचं. दाढीचं पातं काचेच्या पेल्यात आतून घासून तीन-तीन महिने चालवायचं. चहाची पावडर दोनदा उकळायची. दौंडच्या रेल्वे यार्डात तीस वर्षं खलाशी, महिन्याच्या महिन्याला पगार, पण माणूस असा जगायचा की जणू उद्यापासून सरकार रेल्वेच बंद करणार आहे.

कंजूष मात्र नव्हते. हे पार्वतीबाईसुद्धा, राग उतरल्यावर, कबूल करायच्या. मायाला बारावीपर्यंत शिकवलं, टायपिंगला घातलं, लग्न करून दिलं, कुठंही हात पसरला नाही. पोपटराव लहान असताना त्यांची आई पिठासाठी गावातल्या ओसरीखाली उभी राहायची, आणि ओसरीवरची बाई वरूनच, हात न लागेल असं, तिच्या पदरात पीठ सोडायची. ते वरून पडणारं पांढरं पीठ पोपटरावांच्या डोळ्यांतून कधी गेलंच नाही. "माझी पोर कुणाच्या ओसरीखाली उभी ऱ्हाणार न्हाई," एवढंच त्यांचं अर्थशास्त्र. बाकी सगळी काटकसर त्यातूनच आलेली.

माया लग्न होऊन कारेगावला गेली. जावई सम्राट रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. चाळीतली एक खोली, शेजारी बिहारकडची माणसं. सम्राटनं हौसेनं बायकोला मोबाइल घेऊन दिला. इकडं पोपटरावांच्या यार्डातल्या जोडीदारानं, मल्हारीनं, नवा मोबाइल घेतला आणि जुना यांना चारशेला दिला. पार्वतीबाईंना वाटलं, आता रोज लेकीचा आवाज ऐकू येईल.

पोपटरावांनी पद्धत बसवली. रोज रात्री आठला मायानं एक रिंग द्यायची. रिंग आली म्हणजे पोर खुशाल. उचलायचं नाही. माया दिवाळीला आली तेव्हा त्यांनी अंगणात तिचा सरावच घेतला.

"एक अंगठा हिरव्या बटनावर, दुसरा लाल बटनावर तयार. वाजली की कट. दुसरी रिंग वाजायच्या आत."

"आप्पा, मी काय सिग्नल देतीय का?"

"त्येच समज. आन् चुकून लांबलीच, तर मी हिकडनं कट करीन. तुझा रुपया जाता कामा नये."

माया हसून हसून वाकली होती. पण शिकली. बापाचं सगळंच ती मन लावून शिकायची.

खरं बोलणं रविवारी, स्टेशनासमोरच्या कॉइन बॉक्सवरून, एका रुपयात. मोबाइलमध्ये थोडा बॅलन्स होता, पण तो अडीनडीला. त्याला हात लावायचा नाही.

"रिंग ऐकून कळतं व्हय, पोर जेवली का उपाशी हाय?" पार्वतीबाई विचारायच्या.

"उपाशी असती तर रिंग द्यायला ताकद कुठनं आली असती?"

"तुमच्याशी बोलण्यापरीस त्या सिग्नलच्या खांबाशी बोललेलं बरं."

"बोल की. त्यो बी फुकटच बोलतो."

मायाला सातवा महिना लागला. येत्या रविवारी तिला बाळंतपणासाठी आणायला जायचं ठरलं. पार्वतीबाईंनी जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी शिवायला घेतली. पोपटराव दोनदा हात फिरवून म्हणाले, "झ्याक झालीय." फुकटात होत होती, हे एक, पण तेवढंच नव्हतं.

मंगळवारी दुपारी साडेतीनला यार्डातल्या लिंबाखाली मल्हारी टपरीवरचा चहा पीत होता आणि पोपटराव घरून बाटलीत आणलेला. मोबाइल वाजला. माया. आठ वाजायला अजून साडेचार तास. पोपटरावांनी कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट.

"उचल की लेका," मल्हारी म्हणाला.

"उचलला की तिचा रुपया गेला. ड्यूटी सुटली की करतो कॉइन बॉक्सवरनं."

तिसऱ्यांदा वाजला. अंगठा सवयीनं लाल बटनावर गेला.

"यम आला तरी तू त्याला म्हणशील, उचलू नको, मिस कॉल दिलाय," मल्हारी म्हणाला, आणि दोघंही हसले. पोपटरावसुद्धा. ते हसणं पुढं त्यांना कधी पचलं नाही.

हसले, पण आत कुठंतरी टोचलं होतं. म्हणून पाचला सुटल्यावर ते सरळ कॉइन बॉक्सपाशी गेले. खिशात पाचाचं नाणं निघालं. डब्याला रुपयाच लागतो.

"सुट्टे न्हाईत आप्पा," दुकानदार म्हणाला. "दोन चॉकलेटं घ्या, मग देतो चार रुपये."

"मी काय शाळंत जातो व्हय रं?"

"मग नातवाला ठिवा."

"नातू अजून यायचाय," पोपटराव म्हणाले, नाणं खिशात टाकलं आणि घरी आले. आठला रिंग येईलच की.

आठला आली. बरोबर आठला, मायाच्याच नंबरवरून. पार्वतीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आली बघा." पण रिंग थांबेना. दोन झाल्या, तीन झाल्या. पोपटराव पुटपुटले, "विसरली वाटतं कट करायचं," आणि त्यांनीच कट केला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी पार्वतीबाईंनी पिठाच्या हातानं मोबाइल ओढून घेतला.

पलीकडं सम्राट होता. "मामी... मामांना घेऊन शिरूरला या. दवाखान्यात."

पोपटरावांनी जीप केली. जीपवाल्यानं आठशे सांगितले. पोपटराव म्हणाले, "चल." जीपवाला जरा चपापला, त्यानं आठशे म्हटलं होतं ते पाचशेवर यायला.

सकाळी बायकांच्या वॉर्डात माया भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाळ राहिलं नव्हतं. रक्त थांबेना म्हणून गर्भाची पिशवीही काढावी लागली होती. डॉक्टरीण बाई सम्राटला म्हणाल्या होत्या, दोन तास आधी आला असता तर. सम्राट दुसऱ्या पाळीला होता, कंपनीत मोबाइल गेटवर जमा करून घेतात, आणि निरोप उशिरा मिळाला. तो दाराशी उभा राहून हेच पुन्हा पुन्हा सांगत होता, कुणी विचारलेलं नसताना.

पोपटराव खाटेशी बसले. माया बोलली, भिंतीकडं बघूनच.

"जेवल्यावर दुखायला लागलं आप्पा. मग अंगावर जायला लागलं. शेजारची म्हणाली, दीदी, पूरी गाड़ी कर लो. जीपवाला तीनशे म्हणाला."

"मग करायची की गं बाळा."

"तुम्ही दिलेले पाचशे होते डब्यात. अडीनडीला म्हणून दिलेले. मला कळंना, अडीनड म्हंजी एवढी का अजून मोठी. म्हणून तुम्हाला फोन केला. फक्त विचारणार होते, स्पेशल करू का सीटवर जाऊ."

पोपटरावांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

"तुम्ही तीनदा कट केलात. मला वाटलं, नको म्हणताय."

मग ती फाट्यावर जाऊन सीटवर बसली होती. दहा रुपये शिरूर. सीटं भरल्याशिवाय जीप हलत नाही. पोटाशी पिशवी धरून ती मागच्या बाकावर बसून राहिली. शेवटचं सीट मिळायला दीड तास लागला.

दौंडला परत आल्यावर पार्वतीबाईंनी बाजारातून नवी टूथपेस्ट आणली आणि अर्धी भरलेली जुनी नळी उकिरड्यावर टाकली. पोपटरावांनी बघितलं. उचलून आणली नाही. गोधडी तीन बाजू शिवलेली, सुई अडकवलेली, तशीच ट्रंकेत गेली.

मायाला दवाखान्यातून सोडलं तेव्हा ती माहेरी आली नाही. कारेगावलाच गेली. आठची रिंग बंद झाली. पोपटराव दुकानात गेले आणि पाचशेचा रिचार्ज मागितला. दुकानदारानं "पन्नासचा ना?" असं दोनदा विचारून घेतलं. तिथंच उभं राहून त्यांनी मायाला फोन लावला. एक रिंग वाजली आणि कट झाला. पुन्हा लावला. कट. सम्राटला लावला तर तो म्हणाला, "मामा, ती म्हणतीय, पैसे कशाला घालवता." ती हे कशी म्हणाली, रागानं की मायेनं, हे त्यांना विचारता आलं नाही.

दोन महिन्यांनी एके रात्री, आठला, मोबाइल वाजला. "पार्वते!" पोपटराव ओरडले आणि हिरवं बटन दाबलं. तोवर कट झालेला. एक रिंग.

दुसऱ्या दिवशी ते पावणेआठलाच बसले. मोबाइल मांडीवर, अंगठा हिरव्या बटनावर. रिंग वाजते न वाजते तोच त्यांनी दाबलं. कट. तिसऱ्या दिवशी कट. पोरीचा अंगठा चपळ होता. शिकवणाऱ्यानं कसून सराव घेतला होता. आठ वाजून एक मिनिटानं ते उलटा फोन लावायचे आणि तो तिकडून कट व्हायचा. रोज.

आता ते रोजच बसतात. पाचशेचा बॅलन्स तसाच पडून मुदत संपून गेला, त्यांनी दुसरा भरला.

"आली का?" पार्वतीबाई चुलीपासून विचारतात.

"आली."

"काय म्हणाली?"

पोपटराव मोबाइल कानाला लावून बसलेले असतात. त्यात काहीच वाजत नसतं.

"खुशाल हाय म्हणाली," ते सांगतात. पार्वतीबाई तव्यावरची भाकरी उलटतात.