पंचावन्न मिनिटं

सहाशे दहा किलोमीटर, अकरा तास. दादांनी एकतीस वर्षं त्याच रस्त्यावर बस चालवली होती. कुठला चढ गाडीचा दम काढतो, कुठल्या वळणावर गुरं आडवी येतात, सगळं तोंडपाठ.

रस्ता संपायचा त्या शहरात त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. शिंपी होता. पण आई गेल्यापासून नऊ वर्षं दादांनी त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. आई धाकट्याकडेच होती. ती गेली तेव्हा दादा चार माणसांदेखत बोलून गेले, "तू वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतंस तर जगली असती." खरं तर त्या वर्षात ते स्वतः आईला दोनदाच भेटले होते. बोलताक्षणी जिभेला चटका बसला, पण माघार घेववेना. त्यानंतर दिवसाआड त्या शहरात मुक्काम पडायचा आणि दादा डेपोत झोपायचे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पुतणीचा फोन आला. "मोठे काका, बाबांचं ऑपरेशन झालंय. तुमचं विमानाचं तिकीट काढलंय. पंचावन्न मिनिटांत पोचाल."

"बसनं येतो ना."

"बस झाली आता तुमची बस!"

दादांची पंचाईत झाली. आयुष्यातले सगळे अवघड विचार त्यांनी स्टिअरिंगवरच केले होते. माफी मागायची तर शब्द जुळवायला अकरा तास हवेत. विमानात त्यांनी खिडकीतून आपला रस्ता शोधला. खाली नुसते ढग. पहिलं वाक्य कसंबसं जमतंय तोच चाकं टेकली.

मग ते विमानतळाबाहेर बाकावर बसून राहिले. तास गेला, दुसराही गेला. मग पुतणीचा फोन.

"काका, विमान केव्हाच उतरलं! कुठे आहात?"

"वाटेत."

"वाटेत कुठे?"

तेवढ्यात फोन धाकट्यानं घेतला. नऊ वर्षांनी तो आवाज.

"दादा, कुठे बसलायस?"

"बाहेरच. बाकावर."

"का रे?"

"काय बोलायचं ते ठरत नाहीये."

धाकटा म्हणाला, "टाके ओले आहेत, नाहीतर घ्यायला आलो असतो. टॅक्सी कर आणि ये."

दार पुतणीनं उघडलं. धाकटा उशीला टेकून बसला होता, पार वाळलेला. जुळवलेलं वाक्य दादांच्या डोक्यातून उडालं.

"मी वाईट बोललो रे. मीच आलो नव्हतो आईकडे."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तुझी गाडी पाचला माझ्या दुकानासमोरून वळायची. मी मशीन थांबवायचो. तू सरळ पुढे बघत जायचास. गाडी दिसेनाशी झाली की परत शिवायला घ्यायचो."

दादा त्याच्या पायाशी बसले. पुतणी पाणी आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं, ते वाया गेलं. टाके निघेपर्यंत दादा राहिले. रोज संध्याकाळी धाकट्याला हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे. दोनशे पावलं जेमतेम, पण जाऊन यायला अर्धा तास लागायचा. दोघांनाही घाई नव्हती.