आत्याची सावली आणि छतातली तार

बंद पडलेलं नेटवर्क मंत्राने सुरू करणाऱ्या सिग्नलमहाराजांनी तांब्याची कांडी सर्व्हरच्या कपाटाला टेकवली आणि तपासणी केंद्रात सगळ्यांनी हातातली कामं टाकून डोळे मिटले. काउंटरवाली, हिशेबनीस, रक्त काढणारा आणि रक्त द्यायला आलेले पेशंटसुद्धा. पेशंटांचा नेटवर्कशी काडीचा संबंध नव्हता, पण रांगेत उभं राहून ते कंटाळले होते.

"कीबोर्डवरून हात काढा! यंत्रं थांबवा! तार गुदमरलीये, तिला श्वास घेऊ द्या!" महाराज गरजले. "आता उघड, बाळे, एका पेशंटचं नाव."

काउंटरवालीने बटण दाबलं. सकाळपासून अडून बसलेल्या पडद्यावर नाव चटकन उमटलं. एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नाव त्यांचं नव्हतं.

"आम्ही वायफायसुद्धा करतो," महाराज म्हणाले. "त्याला कांडी लागत नाही. नुसती नजर पुरते."

"पण एक्स-रे सुरू झाले की पुन्हा बंद पडतं हो," केंद्राच्या मालकीण डॉक्टरबाई म्हणाल्या.

"एक्स-रे पाठवतं कोण?"

माना काचेकडे वळल्या. काचेपलीकडे एक्स-रे काढणारी आत्या उभी होती. पेशंटला तिने पाय हलवू नका असं सांगितलं होतं, म्हणून तीही हलली नव्हती.

"सावली!" महाराजांनी कांडी रोखली. "त्या बाईची सावली तारेवर पडते!"

तार छतात होती. सावली वर कशी पडते, हे कोणीच विचारलं नाही. विचारायचं काम ज्याचं होतं तो केंद्रातला एकुलता एक नेटवर्कवाला, आत्याचा सख्खा भाचा, हात जोडून उभा होता. डॉक्टरबाई शेजारीच होत्या आणि त्याची नोकरी नवी होती. शिवाय खरं कारण त्यालाही सापडलं नव्हतं.

निकाल लागला. उद्यापासून आत्या गोदामात.

आत्या शिशाचा एप्रन खुंटीला अडकवत होती, तेव्हा भाचा दारात घुटमळला.

"आत्या, सावली-बिवली काही नसतं गं."

"हे तू मला सांगतोयस?"

याच आत्याने डॉक्टरबाईंना गळ घालून त्याला इथे चिकटवलं होतं.

"कॉलेजात सावलीचा धडा होता का रे?"

"नव्हता."

"मग जो होता तो काढ."

तो तडक डॉक्टरबाईंकडे गेला. "आत्याला समोरच्या फुटपाथवर बसवा. एक्स-रेची चित्रं मी पाठवतो."

चार चित्रं गेली नाहीत तोच सगळे पडदे गोठले.

"रक्ताचं नातं!" महाराज म्हणाले. "सावली घराण्यात उतरते."

मग हिशेबनिसाने चित्रं पाठवली. पुन्हा तेच.

"हेही लांबचे नातेवाईक असणार."

"आता सगळे हात काढा," भाचा म्हणाला. "आणि महाराज, तुम्ही कांडी घेऊन आवारात जा."

महाराज गेले. कोणी डोळे मिटले नाहीत. काउंटरवालीने बटण दाबलं आणि नाव चटकन उमटलं. कांडी तेव्हा पार्किंगमध्ये होती.

म्हणजे चमत्कार एवढाच होता की सगळे थांबत होते. कमी वर्दळीत तार चालते आणि गर्दी झाली की तुंबते. असं कशाने होतं? सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या स्विचवर, सर्व्हरच्या तारेच्या पोर्टवर संदेशांच्या किती टकरी झाल्या याचे आकडे भाच्याने उघडले. ते सपाट्याने वाढत होते. मग त्याने सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाची सेटिंग उघडली आणि त्याचे कान तापले.

"कार्ड मी बसवलं होतं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पक्कं व्हावं म्हणून त्याचा वेग हाताने ठरवला आणि फुल डुप्लेक्स करून कुलूपबंद केलं. समोरचा स्विच तसाच ऑटोवर ठेवला. दोघं जोडले जाताना कसं बोलायचं ते आपसांत ठरवतात, पण कुलूप लागलेलं कार्ड त्या ठरवाठरवीत भागच घेत नाही. स्विचला वेग ओळखता येतो, बाकीचं नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्स धरतो. कार्डाचं टोक फोनवर आहे, बोलतं आणि ऐकतं एकदमच. स्विचचं वॉकीटॉकीवर आहे, समोरचा बोलला की आपलं वाक्य अर्धवट टाकतं. एखादं नाव निभावतं. एक्स-रेची चित्रं जड, ती निघाली की टक्करच. आत्याच्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं."

त्याने कार्डही ऑटोवर टाकलं. चित्रं सरसर निघाली. काउंटर चालू होतं, हिशेब चालू होता आणि आजोबा स्वतःचं नाव कधी येतंय हे विचारत होते.

डॉक्टरबाई मान खाली घालून स्वतः फुटपाथवर गेल्या आणि आत्याला आत घेऊन आल्या. पार्किंगमधले महाराज त्याआधीच निघून गेले होते. नजर मात्र सोबत नेली असावी, कारण वायफाय पूर्वीइतकंच वाईट राहिलं.

यंत्र एखाद्या माणसामुळे रुसलंय असं कोणी सांगितलं, तर त्या माणसाला बाजूला करून तेच काम दुसऱ्याला करायला सांगा. मग सांगणाऱ्यालाही बाजूला करून पुन्हा बघा. याला विद्या लागत नाही. डोळे उघडे लागतात आणि तोंड वेळेवर उघडावं लागतं.

"आत्या, मघाशी मी..." भाचा काचेपाशी चाचरला.

आत्या एप्रनचे बंद बांधत होती. "मी डोळे मिटले नव्हते," ती म्हणाली. "तू कसे हात जोडलेस, बघितलंय मी." मग पेशंटकडे वळून म्हणाली, "हं, पाय हलवू नका."

भाचाही हलला नाही.