पेन्चोचं गाढव आणि आठ किलोंची बॅग

विमान कंपनी हातातल्या बॅगेला आठ किलो देते. बॅग धरणारा माणूस किती किलोंचा, हे ती विचारत नाही, आणि दंतवैद्य वेलिझार मुताफोव्हला याचा मनापासून राग होता. त्याचा कूम, म्हणजे लग्नातला धर्मबाप, पेन्चो बोझूकोव्ह चांगला सव्वाशेच्या घरातला. तो विमानात बिनदिक्कत चढणार, आणि वेलिझारच्या चौसष्ट किलोंना मात्र कुणी सूट देणार नाही.

वेलिझारनं सगळा हिवाळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याशी काढला. वसंतात मेक्सिकोच्या उत्तरेला खग्रास सूर्यग्रहण होतं. दुर्बीण होती, प्रश्न तिला पेलणाऱ्या माउंटचा होता. दुर्बीण नुसती उभी करून भागत नाही. आभाळ सरकतं, त्याच्याबरोबर तिलाही सरकवावं लागतं. पहिल्यांदा त्यानं एक हलकं, घड्याळासारखं यंत्र आणलं. त्यावर दुर्बीण चढवली की सूर्य तापातल्या माणसासारखा कापायचा. मग एक दणकट पाहिलं, पण त्याला दुसऱ्या बाजूनं लोखंडी गोळा टांगावा लागे. म्हणजे लोखंड समुद्रापलीकडे विमानातून न्यायचं. शेवटी ब्रनोच्या एका म्हाताऱ्याकडून त्याला नव्या जातीचं मिळालं: कोबीच्या गड्ड्याएवढं, गोळा न लागणारं. त्याला जोडून कार्बनची तिपाई, मिटली की बॅगेत तिरकी बसणारी. तिच्या पायांचे अणकुचीदार खिळे काढून त्यानं रबरी टोप्या बसवल्या, कारण विमानतळावर खिळा दिसला की तिथल्या माणसांना चेव येतो. दुर्बिणीसकट सगळं मिळून आठ किलोंत बसलं, आणि वर दाढीचा ब्रशही बसला.

"माझा वाढदिवस कधी असतो ते तुला आठवत नाही," त्याची बायको सिर्मा म्हणाली, "पण त्या टोप्या किती ग्रॅमच्या आहेत ते झोपेतही सांगशील."

"टोप्या दर वर्षी बदलत नाहीत," वेलिझार म्हणाला.

एवढं जमलं तरी जमलं नव्हतं, कारण पेन्चोही येणार होता, आणि पेन्चोला त्याचं गाढव न्यायचं होतं.

गाढव म्हणजे पेन्चोचं माउंट. तरुणपणी त्यानं कारखान्यातल्या मित्रांकडून ओतून घेतलेलं निव्वळ लोखंड. पेन्चो कुस्तीचा वस्ताद. जे हलत नाही तेच खरं, असं त्याचं मत. गाढवाचे तो तुकडे करणार होता. अर्धे स्वतःच्या बॅगेत, अर्धे वेलिझारच्या. वेलिझारचा नवा कोबी घरी.

आता कुणी म्हणेल, नाही म्हणून मोकळं व्हावं. पण कुमाला नाही म्हणत नाहीत. वेलिझारच्या लग्नात त्याच्या डोक्यावर मुकुट धरणारा पेन्चो, पोरीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेणारा पेन्चो. कूम बोलला की सख्खा बापही घसा खाकरून गप्प बसतो. नव्याण्णव साली ग्रहण आपल्याच देशात होतं, तेव्हाही वेलिझार नाही म्हणाला नव्हता. गाढव लाडा मोटारीच्या डिकीत घातलं. शुमेनच्या अलीकडे चढावर गाडीचा मागचा पाटा मोडला. खग्रासाची हद्द पुढच्या टेकड्यांच्या पलीकडे होती. सूर्य नखाच्या कोरीएवढा उरला, पण तेवढा उरलाच. अंधार काही पडला नाही. पेन्चोनं बिअर उघडली आणि म्हणाला, "बघ, जवळजवळ पूर्ण." तो 'जवळजवळ' वेलिझार पंचवीस वर्षं चघळत होता. असं ग्रहण त्याला या जन्मी तिसऱ्यांदा मिळणार नव्हतं, आणि या खेपेला तो लोखंडापायी टेकडीच्या अलीकडे राहणार नव्हता.

त्यानं क्षमेचा रविवार निवडला. मोठ्या उपासाच्या आधीच्या या संध्याकाळी लहानांनी मोठ्यांकडे जायचं, हात चुंबायचा, माफी मागायची. कुमाकडे तर जायचंच. वेलिझारचा बेत असा: आधी माफी पदरात पाडून घ्यायची, मग गाढवाचं सांगायचं. एकदा माफ झालं की झालं. दिलेली माफी कोण परत घेतो? हा बेत त्यानं सिर्मालाही सांगितला नाही. सांगितला असता तर तिनं त्याला घरीच कोंडून घातलं असतं.

सिर्मानं हलवा घेतला, त्यानं दारूची बाटली आणि आठ किलोंची बॅग. पेन्चोच्या बायकोनं, नोनानं, चीज भरलेल्या बानित्साचा तवा टेबलावर मांडला होता.

"माफ करा, कूम," वेलिझार वाकला.

"देव करो माफ. मी केलं." पेन्चोनं त्याच्या टाळूवर थाप मारली, वेलिझारची मान खांद्यात गेली. "बस. बॅगेत काय? पोर सोडायला आलास काय माझ्याकडे?"

"माउंट आहे. बघा तरी."

त्यानं तिपाई उघडली, कोबी चढवला, त्यावर दुर्बीण. सुबक उभं राहिलं. त्याच्या अंगणात सगळा हिवाळा असंच उभं राहिलं होतं.

पेन्चो खुर्ची सरकवून भोवती फिरला. पैलवानाचे पाय बघतात तसे तिपाईचे पाय बघितले. "हे घरच्या ध्रुवताऱ्याकडे बघतंय. मेक्सिकोत तो किती वर?"

"पंचवीस अंश."

"मग पंचवीसवर आण. इथल्या बेचाळीसवर तर माझी सासूही उभी राहते."

नोना म्हणाली, "माझ्या आईला मध्ये आणू नकोस, आजचा दिवस कसला आहे."

आणि इथे वेलिझारला आपली चूक कळली. माउंटचा आस ध्रुवताऱ्यावर रोखावा लागतो. तारा खाली तर यंत्र ओणवं. सगळा हिवाळा त्यानं ग्रॅम मोजले, आणि यंत्र एकदाही ओणवं करून पाहिलं नाही. ही चूक फक्त दुर्बीणवाल्यांनाच जमते: बॅग परदेशाची भरायची आणि ध्रुवतारा घरचा ठेवायचा. त्यानं स्क्रू फिरवला. कोबी वाकला, दुर्बीण त्याच्याबरोबर पुढे झुकली आणि दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लोंबकळली.

पेन्चोनं एका बोटानं ढकललं.

सगळं एकदम गेलं. वेलिझार टेबलावरून आडवा झेपावला, दुर्बिणीची नळी छातीवर झेलली आणि बानित्साच्या तव्यासकट जमिनीवर आला. भिंग वाचलं. कोबी त्याच्या नडगीवर पडला.

"ठरलं," पेन्चो म्हणाला. "गाढव न्यायचं."

वेलिझारनं नळी सिर्माच्या हातात दिली. चीज पुसत उठला. "नाही."

"काय नाही?"

"गाढव नाही येणार. तुझं गाढव तू आपल्या पाठीवर बांध आणि जा पोहत."

कुमाला 'तू'. त्या घरात हे कुणी ऐकलं नव्हतं.

"वेलिझार," सिर्मा हळूच म्हणाली, "माफी माग."

"मागितली की. आत्ताच. मिळालीसुद्धा."

"ती गेल्या वर्षाची होती," पेन्चो म्हणाला, आणि त्यानं थोबाडीत दिली.

वेलिझार कपाटावर आपटला. वरचे दोन ग्लास त्याच्या पाठीवर फुटले. गालाच्या आत रक्ताची चव लोखंडासारखी लागली, आणि तेच कारण पुरलं. खाली डोकं घालून तो बोकडासारखा धावला आणि पेन्चोच्या पोटात घुसला. पोटाला काही झालं नाही. पेन्चोनं त्याला कमरेत धरून उचललं, पोरांना शिकवताना उचलतो तसं, पण पोरांना तो गादीवर टाकतो. वेलिझार फरशीवर पडला आणि त्याच्या बरगडीत काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं वाजलं.

"पेन्चो, सोड त्याला," नोना ओरडली. "दात कोण बघणार तुझे?"

"सोडतो. गाढव नेतो म्हण." पेन्चोनं गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि डावा अंगठा मागे वळवायला घेतला. "म्हण, नेतो."

"शुमेन," वेलिझार फरशीवर रक्त थुंकत म्हणाला.

"काय?"

"शुमेनच्या अलीकडे. बिअर पीत बसलास. जवळजवळ पूर्ण म्हणालास."

अंगठा मोडला. वेलिझार असा किंचाळला की शेजारच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. पण तो आवाज ऐकून पेन्चोची पकड सैल झाली. पोरं हात आपटून हार मानतात, किंचाळत नाहीत. वेलिझारनं उजव्या हातानं चाचपलं. हाताला तिपाईचा पाय लागला. त्यानं तो, पडताना मिटलेल्या तिपाईसकट, फिरवला, डोळे मिटून, जसा लागेल तसा.

तो तोंडावर लागला. पेन्चो मागे बसला, भिंतीला टेकला, आणि त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ सुरू झाला. वेलिझार थांबला नाही. दुसरा खांद्यावर, तिसरा कानावर. कान फाटून लोंबला. चौथ्याला सिर्मानं मागून केस धरले आणि नोनानं दोघांवर मिरच्यांच्या लोणच्याची बरणी ओतली. सगळ्या जखमांत व्हिनेगर गेलं तेव्हा कुठे दोघं माणसांत आले.

पेन्चोनं तळहातावर काहीतरी थुंकलं आणि बघत राहिला. समोरचे चार दात, अख्खा ब्रिज. वेलिझारनंच बसवलेला.

"हा मोडणार नाही म्हणाला होतास," तो म्हणाला. दात नसल्यानं शब्दांतून वारा येत होता.

"दारावर आपटलास तरी मोडणार नाही म्हणालो होतो. तिपाईचं कुणी विचारलं नव्हतं."

सिर्मानं नवऱ्याला ओढत बाहेर नेलं. तिपाई सरळ होती; एवढं मारून एक चीर नाही. त्याही अवस्थेत वेलिझारनं ते बघून ठेवलं.

बातमी पसरायला सोमवार पुरला. कुमाला मारलं. वेलिझारच्या दवाखान्यात कुणी येईना. दाढ ठणकणारे लोक दुसऱ्या गावाला जाऊ लागले. पाववाली त्याच्याकडे न बघता पाव देई. सिर्मा मुलीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "मेक्सिकोला जा खुशाल. पण पेन्चोच्या दारात आधी गेला नाहीस तर परत माझ्याकडे येऊ नकोस."

"गेलो तर तो गाढव बॅगेत घालेल."

"घालू दे."

"मग मी मेक्सिकोला गेलो काय आणि न गेलो काय."

तो पेन्चोकडे गेला नाही. बरगड्यांना पट्टा, अंगठ्याला आधाराची कामटी. आठ किलोंची बॅग उचलली की डोळ्यांपुढे काजवे येत. सगळा हिवाळा हलकं केलं, आणि आता तेही त्याला जड झालं होतं. तरी तो रिकाम्या दवाखान्यात रोज बॅग उचलून बघे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं. पेन्चो. कानाला टाके, ओठ सुजलेले. वेलिझारनं टेबलावरची तिपाई उजव्या हातात घेतली.

"ठेव ती," पेन्चो म्हणाला. "एक मूळ आत राहिलंय. सडतंय. दुसऱ्याला हात लावू देणार नाही."

तो खुर्चीत बसला. वेलिझारनं सुई भरली. पेन्चोनं हातानं बाजूला सारली. "तशीच काढ."

"दुखेल."

"दुखायलाच आलोय."

पेन्चोनं तोंड उघडलं, आणि वेलिझारच्या लक्षात आलं की आज कूम पहिल्यांदाच काही बोलू शकत नाही. त्यानं चिमटा हिरडीत घातला आणि बोलायला सुरुवात केली. शुमेनचं, पाट्याचं, नखाच्या कोरीएवढ्या सूर्याचं, बिअरचं. त्या रात्री घरी येऊन तो अंथरुणात कसा रडला, हेही. पेन्चोच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी गळत होतं, पण ते मुळाचं होतं की कशाचं, हे हिशेबात धरता येत नाही. मूळ हलत नव्हतं. वेलिझारनं कामटी बांधलेला हात त्याच्या जबड्याखाली दाबला, स्वतःच्या अंगठ्यातून कळ डोक्यात गेली, आणि त्यानं ओढलं.

पेन्चोचा हात आपसूक उठला आणि वेलिझारच्या कानशिलात बसला. वेलिझार स्टुलावरून पडला. चिमटा हातात होता, चिमट्यात मूळ.

"मुद्दाम नाही मारलं," पेन्चो रक्त थुंकत म्हणाला.

"माहीत आहे."

"आधीचं मुद्दाम होतं."

"तेही माहीत आहे. माझंही."

पेन्चोनं कापूस दाबला. मग म्हणाला, "ती बॅग तुला उचलवणार नाही. मी उचलतो. माझ्या बॅगेत माझ्या चड्ड्या. गाढव न्यायचं नाही. लोखंडच ते." त्यानं कापूस काढून बघितला. "पण मला उलटणारी तिपाई घेऊन जायचं नाही. लाव ती."

वेलिझार फरशीवरून उठला. एका हातानं तिपाई उघडली. या वेळी एक पाय बरोबर ध्रुवताऱ्याच्या दिशेला, यंत्र ज्या बाजूला ओणवतं त्याखाली. कोबी पंचवीसवर आणला, दुर्बीण चढवली. ती पुढे झुकली आणि पायावर टेकून राहिली. कुस्तीत पुढचा पाय असतो, तसा तो पाय तिच्याखाली होता.

पेन्चो खुर्चीतून उतरला. एका बोटानं ढकललं. मग तळहातानं. वेलिझारनं नळीखाली हात धरला नाही. हे त्याला फार जड गेलं. मग पेन्चोनं खांदा लावला, अख्खा, आणि तिपाई फरशीवर कुरकुरत भिंतीपर्यंत सरकली. उलटली नाही.

"चालेल, कूम?" वेलिझारनं विचारलं.

पेन्चो दुर्बिणीला हात लावून उभा होता. "चालेल म्हणजे? चालायला नकोच आहे. उभी राहायला हवी." त्यानं परत एकदा रेटा दिला, आधीपेक्षा जोरात, आणि मग कोट काढून बाजूला ठेवला. "उलट्या बाजूनं ढकलून बघू."